‘ओके’ कोणाचा?

‘ओके’ हा शब्द मुळात कोणाचा, हा वाद अधूनमधून नव्यानं पेटतो आणि दर वेळी दोन्ही बाजूंनी सारखाच वाईट पद्धतीनं लढवला जातो. एक बाजू म्हणते, हा शब्द पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या माणसांचा आहे. वोलोफ भाषेत ‘वाव’ म्हणजे ‘हो’, आणि ‘के’ त्या होकाराला जोर देणारा शब्द. दोन्ही जोडले की ‘ओके’ ऐकू येतं. त्याच बाजूचे दुसरे काही जण तो अमेरिकेच्या आग्नेय भागातल्या चॉक्टॉ या मूळनिवासी लोकांचा मानतात, कारण त्यांच्या भाषेत ‘ते तसंच आहे’ अशा अर्थाचा ‘ओके’सारखा शब्द होता. गोऱ्या अभ्यासकांनी हे श्रेय हिरावून बोस्टनच्या एका वर्तमानपत्राला दिलं, असा त्यांचा आरोप. दुसऱ्या बाजूचं उत्तर एका ओळीचं असतं : लेखी पुरावा दाखवा, नाहीतर गप्प बसा. माझं मत बोस्टनच्या बाजूनं आहे. पण ते मांडताना जी घमेंड दाखवली जाते ती मला अजिबात मान्य नाही, आणि ‘सर्वांत जुनी छापील नोंद तिथली, म्हणून शब्द तिथला’ हे कारणही पुरेसं वाटत नाही. बोस्टनची बाजू त्याहून कितीतरी भक्कम आहे, आणि ती नीट मांडलीच जात नाही.

२३ मार्च १८३९ रोजी ‘बोस्टन मॉर्निंग पोस्ट’ या दैनिकाच्या दुसऱ्या पानावर एक चुरचुरीत मजकूर आला. संपादक होते चार्ल्स गॉर्डन ग्रीन. बोस्टनमधल्या काही हौशी, गमत्या मंडळींनी एक संस्था काढली होती. त्यांच्या न्यूयॉर्क दौऱ्यावरून प्रॉव्हिडन्स गावच्या एका वर्तमानपत्राशी ग्रीन यांची थट्टामस्करी चालली होती. त्या ओघात एका वाक्यात छोट्या लिपीत, टिंबं देऊन ‘ओ.के.’ अशी अक्षरं येतात, आणि लगेच आडवी रेघ मारून त्यांचा अर्थ दिला आहे, ‘ऑल करेक्ट’, म्हणजे सगळं बरोबर. खरं तर ‘ऑल’चं पहिलं अक्षर ‘ए’ आणि ‘करेक्ट’चं ‘सी’. इथे मुद्दाम ‘ऑल’ ‘ओ’नं आणि ‘करेक्ट’ ‘के’नं लिहायचं, मग त्या चुकीच्या लेखनाची आद्याक्षरं घ्यायची. ‘सगळं बरोबर’ असं सांगणारी दोन्ही अक्षरं चूक, हाच सगळा विनोद.

या ओळीकडे जरा थांबून पाहावं, कारण तिच्यात दोन गोष्टी आहेत. एक, संपादकाला शब्दाचा अर्थ सांगावा लागतो. जो शब्द लोकांच्या तोंडी पिढ्यानपिढ्या आहे, त्याचा अर्थ कोणी वाक्याच्या मध्येच थांबून सांगत नाही. दुसरी गोष्ट टिंबांची. बोलीतून वर आलेला शब्द जेव्हा पहिल्यांदा कागदावर उतरतो, तेव्हा लिहिणारे तो कानाला ऐकू येईल तसा लिहितात, आणि प्रत्येक जण वेगळा लिहितो. ‘ओके’चं नेमकं उलट झालं. सुरुवातीच्या नोंदी दोन सुट्या अक्षरांच्या आहेत, आणि उच्चाराप्रमाणे सलग लिहिलेली रूपं नंतरच्या दशकांत येतात. आधी अक्षरं, मग शब्द. संक्षेपातून जन्मलेल्या शब्दाचा प्रवास असाच दिसतो.

याहून मोठा पुरावा ‘ओके’च्या भावंडांचा आहे. १८३८च्या सुमारास बोस्टनच्या वर्तमानपत्रांत असे संक्षेप लिहिण्याची लाट आली होती. ‘नफ सेड’, म्हणजे पुरे झालं, यासाठी ‘एन.एस.’. ‘नो गो’, म्हणजे जमायचं नाही, यासाठी ‘के.जी.’, कारण ‘नो’ हा नकार मुद्दाम ‘जाणणे’ या अर्थाच्या, ‘के’नं सुरू होणाऱ्या शब्दासारखा लिहायचा. ‘नो यूज’साठी त्याच युक्तीनं ‘के.वाय.’. आणि ‘ऑल राइट’साठी ‘ओ.डब्ल्यू.’. हे शेवटचं भावंड मला सगळ्यांत बोलकं वाटतं. ‘ऑल’चा ‘ओ’ करण्याची खोड इथेही आहे, चुकीच्या लेखनातून आद्याक्षरं काढण्याची रीतही तीच, आणि अर्थही जवळजवळ तोच. ‘ओके’ वोलोफमधून आला असेल, तर मग ‘ओ.डब्ल्यू.’ कुठून आला? आफ्रिकी किंवा चॉक्टॉ मूळ मानणाऱ्यांना ‘ओके’ हा एकच शब्द या सगळ्या कुटुंबातून उचलून बाजूला ठेवावा लागतो, आणि त्याचं रूप, काळ, गाव, विनोद असं सगळं बाकीच्यांशी जुळणं हा निव्वळ योगायोग आहे असं म्हणावं लागतं.

ही सगळी जमवाजमव कोलंबिया विद्यापीठातले भाषाभ्यासक ॲलन वॉकर रीड यांनी केली. १९४१मध्ये त्यांनी पहिला लेख लिहिला आणि १९६३-६४मध्ये ‘अमेरिकन स्पीच’ या नियतकालिकात लेखमालेतून पूर्ण मांडणी केली. रीड यांनी एक जुनं कात्रण शोधलं, एवढंच त्यांच्याबद्दल सांगितलं जातं, याचं मला वाईट वाटतं. कात्रण हा त्या कामाचा सगळ्यात छोटा भाग होता. त्यांनी वर्षांमागून वर्षांची वर्तमानपत्रं चाळून एक अख्खी फॅशन उभी केली. ती कशी सुरू झाली, बोस्टनहून न्यूयॉर्ककडे कशी गेली, तिच्यातले बाकीचे संक्षेप कसे विरून गेले आणि एकच का टिकला, हे सगळं त्यांनी दाखवलं.

टिकला तो राजकारणामुळे. १८४०च्या अध्यक्षीय निवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार होते मार्टिन व्हॅन ब्युरेन. त्यांचं गाव न्यूयॉर्क राज्यातलं किंडरहूक. त्यावरून त्यांना ‘ओल्ड किंडरहूक’ म्हणत, आणि त्याची आद्याक्षरंही तीच. न्यूयॉर्कमध्ये त्यांच्या समर्थकांनी ‘ओ.के. क्लब’ काढला. विरोधी व्हिग पक्षानं मग त्याच अक्षरांचे टवाळ अर्थ लावायला सुरुवात केली. माजी अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांना ‘ऑल करेक्ट’ धड लिहिता येत नव्हतं, कागदपत्रांवर ते ‘ओ.के.’ असा शेरा मारत, ही गोष्टही त्याच वर्षी विरोधकांनी सोडली. व्हॅन ब्युरेन हरले, पण दोन अक्षरं देशभर पोहोचली. पुढे तारायंत्र आलं. संदेश पोहोचला, एवढं कळवायला दोन अक्षरं पुरतात म्हटल्यावर तारमास्तरांनी ती उचलली, मग रेल्वेनं. गमतीचा शब्द कामाचा झाला, आणि त्यातला विनोद लोक पार विसरून गेले.

आता विरोधी बाजूचं जे सर्वांत बळकट म्हणणं आहे, त्याच्याकडे येतो. ते भावनिक वगैरे मुळीच नाही. दप्तर कोणाच्या हातात होतं, हा प्रश्न ते विचारतात, आणि तो रास्त आहे. दक्षिण कॅरोलायनानं १७४०मध्येच गुलामांना लिहायला शिकवणं कायद्यानं गुन्हा ठरवलं होतं. ज्यांना लिहू दिलं नाही त्यांच्याकडे लेखी पुरावा मागायचा, हा कुठला न्याय? शिवाय अभ्यासकांचा पूर्वेतिहासही काही स्वच्छ नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत आग्नेय किनारपट्टीवरच्या, गुलामांच्या वंशातल्या गला लोकांच्या बोलीला बिघडलेलं इंग्रजी ठरवण्यात बडे विद्वान पुढे होते, तिच्यात आफ्रिकी असं काही उरलेलं नाही असं ते छातीठोकपणे सांगत. लॉरेन्झो डाऊ टर्नर या कृष्णवर्णीय भाषाशास्त्रज्ञानं १९४९मध्ये त्याच बोलीतले आफ्रिकी मुळाचे हजारो शब्द आणि नावं छापून तो समज मोडून काढला. लंडनचे डेव्हिड डॅल्बी यांनी १९६९मध्ये ‘ओके’चं मूळ वोलोफ आणि मांदे भाषांत असल्याचं मांडलं, तेही हवेत मांडलं नव्हतं. १७८४मध्ये छापलेल्या एका प्रवासवर्णनात उत्तर कॅरोलायनातल्या एका गुलामाच्या तोंडी ‘के’ हा शब्द येतो, याकडे त्यांनी बोट दाखवलं होतं. चॉक्टॉ बाजूलाही काही कमी नाही. त्या भाषेत तो प्रत्यय खरोखर आहे, आणि चॉक्टॉ लोकांमध्ये राहून त्यांच्या भाषेचा कोश रचणारे मिशनरी सायरस बायिंग्टन मूळचे मॅसॅच्युसेट्सचे, त्यांना पाठवणारी संस्था बोस्टनची. म्हणजे शब्दाला चालत यायला वाटही होती. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नामांकित कोशांनी चॉक्टॉ मूळ छापलंही होतं. असं असताना या लोकांना ‘पुरावा नाही’ म्हणून झटकून टाकणं हा उद्धटपणा आहे.

तरीही हा युक्तिवाद उभा राहत नाही, असं मला वाटतं. त्याचा सगळा भार उच्चाराच्या साम्यावर आहे. दोन छोट्या अक्षरांचा, मोकळ्या स्वरांनी संपणारा होकार. अशा शब्दाला साम्य शोधायला किती वेळ लागतो? ग्रीक म्हणतात, आमच्या ‘ओला काला’चा, म्हणजे ‘सगळं छान’चा, हा संक्षेप. फिनिश भाषेत ‘ओइकेआ’ म्हणजे बरोबर. स्कॉटिश ‘ओख आय’ आहे, हैतीच्या ज्या बंदरातून उत्तम रम येई त्या ‘ले के’चं ‘ओ के’ हे फ्रेंच रूप आहे. साम्य हाच पुरावा धरला तर हे सगळेच खरे मानावे लागतील, आणि सगळे खरे असणं शक्य नाही. मग त्यातला एक निवडायचा कशावरून? आपल्याला जो निवडावासा वाटतो त्यावरून? यास्कांनी निरुक्तात सांगून ठेवलं आहे की अर्थानं साम्य सापडलं नाही तर एखाद्या अक्षराच्या, वर्णाच्या साम्यावरून का होईना, पण निर्वचन, म्हणजे शब्दाची फोड करून मूळ सांगणं, करावं. ‘न त्वेव न निर्ब्रूयात्’, निर्वचन न करता मात्र राहू नये. यास्कांचं काम वेदमंत्रांचा अर्थ लावण्याचं होतं, आणि त्या कामात ती मुभा शोभते. शब्दाचा इतिहास सांगताना तीच मुभा घेतली की कुठलाही शब्द कुठल्याही भाषेतून काढता येतो.

शब्द दुसऱ्या भाषेतून आला, असं म्हणायचं तर त्याची वाट दाखवावी लागते. ती दाखवता येते, हेही सिद्ध झालेलं आहे. दलदलीतल्या संथ ओढ्याला अमेरिकन इंग्रजीत ‘बायू’ म्हणतात. तो शब्द चॉक्टॉ ‘बायुक’मधून, लुइझियानातल्या फ्रेंच वसाहतवाल्यांच्या तोंडून इंग्रजीत आला. प्रदेश तोच, वस्तू तीच, मधली पायरी कागदोपत्री हजर. भुईमुगाला दक्षिणेत ‘गूबर’ म्हणतात, तो मध्य आफ्रिकेच्या पश्चिमेकडच्या बंटू भाषांतल्या ‘न्गुबा’चा. भेंडीचं इंग्रजी नाव ‘ओक्रा’ पश्चिम आफ्रिकेतलं. हे शब्द जिथे गुलामांची वस्ती दाट होती तिथे आधी दिसतात, मग बाहेर पसरतात. ‘ओके’ दक्षिणेतून वर आला असता, तर त्याचे पहिले ठसे दक्षिणेत दिसायला हवे होते. ते दिसतात ईशान्येला, शहरी वर्तमानपत्रांत, संपादकांच्या आपसातल्या चेष्टेत.

‘मौखिक संस्कृतीचा पुरावा उरत नाही’ हे म्हणणं चॉक्टॉंच्या बाबतीत तर लागूच पडत नाही. १८२०नंतर ती भाषा मिशनरी रोज लिहीत होते. प्रार्थना, पाठ्यपुस्तकं, पत्रं, सगळं. चॉक्टॉ होकार इंग्रजी बोलणाऱ्यांच्या जिभेवर रुळला असता, तर तो सर्वांत आधी याच माणसांच्या इंग्रजी पत्रांत सांडला असता. १८३९च्या आधीचा, इंग्रजी वाक्यात वापरलेला असा एकही ‘ओके’ तिथून पुढे आलेला नाही. जी वाट त्या बाजूचं बळ म्हणून सांगितली जाते, तीच रिकामी निघते. आफ्रिकी बाजूचा बचाव याहून चांगला आहे, हे मी मान्य करतो. पण गुलामांचं बोलणं गोऱ्यांनी लिहून ठेवलं, नाटकांत, प्रवासवर्णनांत, मळेवाल्यांच्या रोजनिश्यांत, बहुतेक वेळा टिंगल म्हणून आणि तरीही विपुल. जमैकात जन्मलेले आणि अमेरिकन बोलींच्या मोठ्या कोशाचे प्रमुख संपादक झालेले फ्रेडरिक कॅसिडी यांनी हे साहित्य याच प्रश्नासाठी तपासलं. आफ्रिकी वारशाबद्दल त्यांना आस्था नव्हती असं कोणी म्हणू शकणार नाही. त्यांनाही डॅल्बींचा दावा तोलून धरणारा पुरावा मिळाला नाही. १७८४च्या नोंदीतला ‘के’ हा एकटा उद्गार आहे. तो आफ्रिकी असेलही, पण तो ‘ओके’ नव्हे.

हवं ते दिसण्याचा रोग फक्त एका बाजूला जडतो असंही नाही. जॅक्सन यांच्यावरची ती चेष्टा पुढे इतकी खरी मानली गेली की १८५९मध्ये टेनेसीच्या एका इतिहासकारानं १७९०चं न्यायालयीन दप्तर पुढे केलं : जॅक्सन यांनी सिद्ध केलेल्या एका विक्रीखतापुढे ‘ओ.के.’ लिहिलेलं आहे! नंतर पाहणाऱ्यांनी पाहिलं, तर दुसरं अक्षर ‘के’ नव्हतंच. ते ‘आर’ होतं. ‘ऑर्डर्ड रेकॉर्डेड’, म्हणजे नोंदीचा हुकूम झाला, हा तिथल्या कारकुनांचा रोजचा शेरा. दुसरं प्रकरण १८१५च्या एका प्रवासी रोजनिशीचं. विल्यम रिचर्डसन नावाचा बोस्टनचा व्यापारी न्यू ऑर्लिन्सला निघाला होता. त्याच्या हस्तलिखितात न्यू जर्सीतल्या टप्प्यांच्या वर्णनात ‘ओके’सारखी दोन अक्षरं दिसतात, म्हणून खूप गाजावाजा झाला. मूळ पान बारकाईनं तपासल्यावर तिथे खाडाखोड आढळली. अर्धवट राहिलेल्या, खोडलेल्या मजकुरातून उरलेली ती अक्षरं होती, आणि वाक्यात त्यांचा नीट अर्थही लागत नव्हता. ‘ओके’चं वय दोन-चार दशकांनी वाढवणारी ही दोन्ही प्रकरणं गोऱ्या माणसांची होती, त्यांच्या बाजूला भरपूर कागद होते, आणि तरी ती टिकली नाहीत. कसोटी सगळ्यांना सारखी लागली.

वादाच्या मुळाशी खरं काय आहे, याबद्दलही बोलायला हवं. लोकांना न्याय हवा आहे. ज्यांच्याकडून सगळं हिसकावून घेतलं, त्यांना निदान जगातला सर्वांत जास्त बोलला जाणारा शब्द तरी द्यावा, ही इच्छा समजण्यासारखी आहे. पण त्यानं न्याय होतो का? अध्यक्ष वुड्रो विल्सन यांना चॉक्टॉ मूळ पटलेलं होतं. सरकारी कागदांवर ते मंजुरीचा शेरा ‘ओके’ असा, चॉक्टॉ मानल्या जाणाऱ्या स्पेलिंगनं लिहीत. याच विल्सन यांच्या कारकिर्दीत, १९१३पासून, केंद्र सरकारच्या कार्यालयांत कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांना वेगळं बसवण्याची पद्धत बोकाळली. एका वंचित समाजाला शब्दाचं श्रेय देणारा हात दुसऱ्या वंचित समाजाला दाराबाहेर काढत होता. शब्दाचं श्रेय द्यायला काही खर्च येत नाही, म्हणून ते इतक्या सढळपणे दिलं जातं. चॉक्टॉंची जमीन मात्र १८३०च्या करारानं गेली, आणि ती घेणारं सरकार त्याच जॅक्सन यांचं होतं, ज्यांच्या स्पेलिंगवर वर्तमानपत्रं हसत होती.

उलट अशा बनावट व्युत्पत्तींनी खऱ्या इतिहासाचं नुकसान होतं. ‘पिकनिक’ हा शब्द कृष्णवर्णीयांना झाडाला टांगून मारण्याच्या प्रसंगांवरून आला, असा दावा अनेक वर्षं फिरतो आहे. तो शब्द सतराव्या शतकातल्या फ्रेंचमध्ये सापडतो, आणि त्याचा या हत्यांशी संबंध नाही. हत्या मात्र खऱ्या होत्या. १८७७ ते १९५० या काळात दक्षिणेतल्या बारा राज्यांत अशा चार हजारांहून जास्त हत्यांची नोंद आहे. बघायला गर्दी जमे, फोटो काढून त्यांची पोस्टकार्डं विकली जात. या भयंकर सत्याला खोट्या व्युत्पत्तीचा टेकू कशाला हवा? तो टेकू दिला की इतिहास नाकारणाऱ्याच्या हाती आयतं कोलीत मिळतं : शब्दाची गोष्ट खोटी, म्हणजे बाकीचंही तसंच असणार.

काही समंजस लोक मधला मार्ग सुचवतात. शब्द जन्मला बोस्टनमध्ये, पण रुजला तो आफ्रिकी किंवा चॉक्टॉ होकाराच्या कानाला ओळखीच्या जमिनीत, असं ते म्हणतात. ‘के.वाय.’ आणि ‘ओ.डब्ल्यू.’ मेले नि ‘ओ.के.’ जगला याचं कारण हे असेल का? कल्पना सुंदर आहे, आणि भाषांत असे संगम होतातही. पण टिकण्याचं कारण आधीच हाताशी आहे, एक गाजलेली निवडणूक आणि पाठोपाठ तारायंत्र. त्याच्यावर आणखी एक कारण रचायचं असेल तर त्याचा स्वतंत्र पुरावा द्यायला हवा. दक्षिणेत हा शब्द उत्तरेपेक्षा लवकर किंवा जास्त पसरला असं दाखवलं, तरी मी पुन्हा विचार करायला तयार आहे.

आणि पुरावा येऊच शकत नाही असं कुठे आहे? दक्षिणेतल्या मळ्यांची दप्तरं, मिशनरी पत्रव्यवहार, छोट्या गावांची अल्पायुषी वर्तमानपत्रं आता झपाट्यानं डिजिटल होत आहेत. रीड यांना जे हातानं चाळावं लागलं ते आज शोधयंत्रानं चाळता येतं. १८३८च्या आधीचा, तारीख पक्की असलेला, खाडाखोड नसलेला, होकाराच्या अर्थानं वापरलेला एक ‘ओके’ दक्षिणेतल्या कागदावर सापडू दे. एकावर सगळं ठरणार नाही, पण दोन-तीन सापडले तर बोस्टनची बाजू हलेल आणि ती हललीच पाहिजे. टर्नर यांनी विद्वानांना चूक ठरवलं ते गला वस्त्यांत जाऊन, ध्वनिमुद्रणं करून, आफ्रिकी भाषा बोलणाऱ्यांना ती ऐकवून. ‘ओके’साठी हे काम कोणी करणार असेल, तर त्यानं सुरुवात तिथून करावी.